कोहळ्यातली सिंड्रेला

दारव्हा मोतीबाग स्टेशनाच्या फलाटावर बसा. गाडी येणार नाही, तरी बसा. शकुंतला बंद पडून बरीच वर्षं झाली. अडीच फुटांचे रूळ गवतात गेले आहेत आणि त्यांच्यावर शेळ्या चरताहेत. मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर धावणारी ही गाडी किलिक निक्सन नावाच्या विलायती कंपनीनं वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी घातली होती. कापूस गेला, कंपनी गेली, गाडी मात्र पुढं कितीतरी वर्षं चालत राहिली. कुणी सांगितलं नाही म्हणून कामावर येत राहिलेल्या जुन्या गड्यासारखी. माणसं चालत्या गाडीतून उतरत, रानात जाऊन येत आणि त्याच डब्यात पुन्हा चढत, असं तिच्याबद्दल अजून सांगतात. त्यातलं थोडं खरं असावं, थोडं प्रेमानं वाढवलेलं.

आज ती आपल्यासाठी येते आहे. फक्त आजच्या गाडीचा नेम उलटा आहे : यवतमाळकडं जाल तशी वर्षं मागं पडतील.

खिडकीशी बसा. लाडखेडच्या आधीच २०१९ चा जानेवारी दिसेल. यवतमाळात साहित्य संमेलन भरलंय, अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे आहेत. लोककथांचा जन्मभर माग काढणाऱ्या रा. चिं. ढेरे यांची लेक. थांबायचा मोह होईल, पण गाडी थांबत नाही. मग २००० साल. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ते हे साल. याच्या मागं गेलात की इंग्रजी पाचवीत भेटणार. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल. एव्हाना तुमचे पाय जमिनीला टेकेनासे झाले असतील. हात लहान झालेत. कोपराला खरचटलेलं आहे आणि त्यावर कुणीतरी हळद लावली आहे.

यवतमाळ. मे १९९३. पुढं वाफेचं इंजिन धापा टाकतंय. पुढच्या एप्रिलात त्याच्या जागी डिझेलचं येईल.

इथून पुढं मी तुम्हाला अरे-तुरे करणार. नऊ वर्षांच्या पोराला अहो-जाहो कोण करतं? पण पोरगा की पोरगी? आपण ज्या खेळाकडं चाललोय तोही सुरुवातीला हेच विचारतो, यातलं कोण व्हायचं म्हणून. मराठीत क्रियापदच ते विचारतं, त्याला टाळाटाळ चालत नाही. मी मुलगी निवडतो. तर, तू चौथी पास झालेली मुलगी आहेस, सुट्टीत कळंबच्या बाजूला आजीकडं आली आहेस आणि आज मामाबरोबर यवतमाळला आलीस.

स्टेशनाबाहेर ऊन असं, की डोळे आपोआप बारीक होतात. मामा तुला सायकलच्या दांडीवर बसवतो. दांडी तापलेली, तू फ्रॉक खाली ओढून घेतेस. दत्त चौकातून जाताना उसाच्या रसाच्या गाडीची घुंगरं वाजतात आणि मामा म्हणतो, येताना पिऊ. एका जिन्याशी तो सायकल उभी करतो. वर एक खोली आहे. दाराबाहेर चपलांची रांग आहे, देवळाबाहेर असते तशी.

"चपला काढ. धूळ जाते आतमंधी."

आत गार आहे. आजीकडच्या कूलरच्या वाळ्याचा वास इथं नाही. इथं नव्या प्लास्टिकचा वास येतो. टेबलावर चार वस्तू कापडाखाली झाकल्या आहेत. मामा एकावरचं कापड काढून नीट घडी घालतो. मोठी मुलं इथं डॉस, वर्डस्टार आणि लोटस शिकतात आणि सर्टिफिकेट भिंतीवर लावतात. पण दुपारी बॅच नसते आणि मामाकडं किल्ली असते.

टेबलावर फ्लॉप्या आहेत. त्या मी आणल्या. काळाच्या प्रवासात लेखकाला एवढं सामान नेऊ देतात. त्यांच्यावरचं खेळाचं नाव मराठीत सांगायचं तर 'गोंधळलेल्या परीकथा' : 'मिक्स्ड-अप फेअरी टेल्स', सिएरा ऑन-लाइन, १९९१. हा खेळ लोरी कोल या बाईंनी रचला. त्याच्या आधी, १९८७ मध्ये, याच कंपनीच्या रोबर्टा विल्यम्सनी 'मिक्स्ड-अप मदर गूज' केला होता. तो याहून लहान मुलांसाठी होता आणि त्यात वाचता यायची गरजच नव्हती. बडबडगीतातल्या माणसांच्या वस्तू हरवल्या आहेत. जॅक आणि जिल यांची बादली नाही, मिस मफेटची बसायची गादी नाही. आपण गावभर हिंडायचं, वस्तू शोधायची, ज्याची त्याला नेऊन द्यायची. एका वेळी एकच वस्तू हातात घेता येते. पुन्हा खेळायला बसलं की वस्तू वेगळ्याच ठिकाणी.

मामा कळफलकावर काहीतरी टाइप करतो. डबा खरखरतो, मग पडद्यावर रंग येतात. घरचा टीव्ही कृष्णधवल आहे, त्यामुळं तू आधी नुसते रंगच पाहत राहतेस.

एक पुस्तकांची जागा आहे. तिथं बुकवर्म नावाचा एक ड्रॅगनसारखा प्राणी पुस्तकं राखतो. बुकएंड नावाच्या एका उपद्व्यापी बुटक्यानं गोष्टी विस्कटून टाकल्या आहेत. गोष्टी पाच : सिंड्रेला, हिमगौरी, जॅक आणि घेवड्याचा वेल, सुंदरी आणि राक्षस, आणि ब्रेमेनचे वादक. आता कुठल्याच गोष्टीतलं कुणीच जागेवर नाही. तू जाऊन ते लावायचं.

खाली इंग्रजी अक्षरं उमटतात. तुला येत नाहीत; पाचवीत येतील. म्हणून मामा वाचतो आणि वाचता वाचता वऱ्हाडात आणतो.

"हे गाढव हाय ना, हे म्हातारं झालं. मालक म्हणते, आता याले खाऊ घालून काय फायदा? तं ते पळालं. कुत्र्याचं बी तसंच. मांजरीचं बी. कोंबड्याले तं उद्या कापणारच व्हते."

"मंग?"

"मंग चौघं म्हणतात, आपण ब्रेमेन गावात जाऊ आन् बँडवाले होऊ."

तुला हसू येत नाही. म्हाताऱ्या बैलाचं काय होतं ते तू पाहिलंय. दावं सोडून कुणीतरी त्याला बाजाराच्या रस्त्याला लावतं आणि घरातल्या बाया त्या दिवशी उगाच भांडी आपटत राहतात. परदेशातल्या गाढवाची गोष्ट इतकी घरातली निघेल असं वाटलं नव्हतं. "पोचतात का ते?" तू विचारतेस. मामाला माहीत नाही. मला आहे : नाही पोचत. वाटेत चोरांचं घर लागतं. चौघं एकमेकांच्या पाठीवर चढून ओरडतात, चोर घाबरून पळतात, आणि मंडळी तिथंच राहून जातात. ब्रेमेन न पाहता ब्रेमेनचे वादक म्हणून जगभर नाव झालं. शकुंतलेनं जाणाऱ्या माणसाला यात काही वावगं वाटू नये.

मामानं उंदीर तुझ्या हाताखाली दिला आहे. तू तो हवेत उचलतेस. "टेबलावर ठेव, तिथंच फिरव." पडद्यावर तुझी मुलगी पाऊलवाटेनं चालू लागते. तिच्या हातात कुणाची तरी वस्तू आहे. ती चुकीच्या माणसाला द्यायला गेलीस की तो घेत नाही. बरोबर माणसाला दिलीस की त्याची गोष्ट एक पाऊल पुढं सरकते. बस, खेळ एवढाच आहे. दीड तास कुठं जातो ते कळत नाही आणि रसाचं दोघंही विसरता.

रात्री अंगणात बाजा पडल्या आहेत. दिवसभर तापलेली जमीन पाणी शिंपडल्यावर उसासा टाकते. वीज गेली आहे. ती कधी येईल असं कुणी विचारतही नाही. भिंतीला पऱ्हाट्यांचा ढीग, त्याच्याआड मांजरीची पिल्लं. तू आजीला सगळं सांगतेस. सिंड्रेला, तिची सावत्र आई, कोहळ्याची झालेली गाडी, बारा वाजता पायातून निसटलेला काचेचा जोडा.

यवतमाळात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात आणि आजीला कोहळं नीट ओळखीचं आहे.

"थे तं आपलीच बुढी व्हय," आजी म्हणते. "कोहळ्यात बसून लेकीच्या घरून येते थे."

"नाई वं आजी. थे वेगळी."

"वेगळी कशी? कोहळं हाय ना? बसली हाय ना आतमंधी? ऐक आता." आणि आजी सांगू लागते. म्हातारी कोहळ्यात बसली. कोहळं घरंगळत निघालं. वाटेत वाघ आडवा आला. म्हातारी घाबरली, आणि तिच्या पायातला काचेचा जोडा बाहेर पडला.

"आजी!"

"काय झालं?"

"जोडा थे सिंड्रेलाचा. राजपुत्राले सापडते तो."

"असं व्हय? मंग वाघ काय करते आता?"

इथं जरा थांबूया. मी हा सगळा प्रवास ज्यासाठी आखला ती जागा हीच आहे. आजीला गोष्ट नीट येते. तिनं ती तुझ्या आईला सांगितली, मामाला सांगितली, आणि कधी चुकली नाही. आज ती मुद्दाम चुकते आहे. पोर पेंगत असेल तर एक खडा चुकीच्या जागी टाकायचा. ते ताडकन उठून बसतं. गोष्ट विस्कटून लहान मुलाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, लाव बाई. कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं १९८७ मध्ये जी कल्पना विकायला काढली ती ही. बुकएंड बाजेवर बसला आहे आणि त्यानं नऊवारी नेसली आहे.

"वाघ म्हणते," तू जरा विचार करून म्हणतेस, "हा जोडा माह्या पायात येते का?"

आजी हसून लोटपोट होते. शेजारच्या बाजेवरून मामा म्हणतो, चार जोडे लागतील त्याले.

तू झोपतेस. झोपेत गाडी पुन्हा सुटते. हे थांबे लहान आहेत, उतरू नकोस, खिडकीतूनच पाहा.

१८१३. जर्मनीतलं कासेल गाव. नीडरत्स्वेरेन नावाच्या खेड्यातून एक बाई बाजाराला येते. शिंप्याची बायको, पन्नाशी उलटलेली, नाव डोरोथेआ फीमान. माल विकून झाला की ती ग्रिम बंधूंकडं बसते आणि गोष्टी सांगते. विल्हेल्म लिहून घेतो. त्यांच्या गोष्टींचा पहिला खंड आदल्या वर्षी निघाला आहे. दुसरा हिच्या जिवावर भरेल. ग्रिम बंधूंनी तिच्याबद्दल लिहून ठेवलंय की पुन्हा सांगताना ती मजकुरात बदल करत नाही आणि बोलता बोलता चूक ध्यानात आली तर लगेच सुधारते. त्यांना या बाईत अस्सल जर्मन माती दिसली. तिचे वडील मात्र फ्रान्समधून धर्मासाठी पळून आलेल्या ह्यूगनॉट घराण्यातले. जिला जर्मन म्हणून कागदावर घेतलं तिच्या घरात फ्रेंच गोष्टी शिजल्या असणार. शुद्ध गोष्ट शोधायला निघालेल्यांचं बहुधा असंच होतं. कोहळ्याची गाडीही अशीच : शार्ल पेरोनं १६९७ मध्ये ती पॅरिसमध्ये छापली. ग्रिमच्या सिंड्रेलाला कोहळं मिळतच नाही. तिला आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आणि त्यावरचे पक्षी कपडे देतात, आणि जोडा काचेचा नसून सोन्याचा. मग खरी कुठली?

१८६५ चा हिवाळा. हे आपल्याकडचं आहे, जरा निरखून पाहा. दख्खनच्या रस्त्यानं मुंबईच्या गव्हर्नराचा लवाजमा चालला आहे. तंबू, घोडे, उंट. गव्हर्नर सर बार्टल फ्रेर यांची मुलगी मेरी सोबत आहे आणि संध्याकाळी तिला कंटाळा येतो. तिची आया अॅना लिबेराता द सूझा. मूळ घराणं लिंगायत, पुढं गोव्याकडं स्थिरावून ख्रिस्ती झालेलं. तिच्या आजीनं तिला गोष्टी सांगितल्या होत्या. ती मेरीला सांगते. मेरी टिपणं काढते, गोष्ट लिहिते आणि अॅनाला वाचून दाखवते, कुठं चुकलं का म्हणून. १८६८ मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' निघालं. पुस्तकावर लेखिका म्हणून नाव मेरीचं. अॅनाची हकीकत आत, प्रस्तावनेजवळ. या पुस्तकाशी माझं थोडं भांडण आहे, पण ते वाचून दाखवणं मला आवडतं. गव्हर्नराची मुलगी खाली मान घालून विचारते आहे, बरोबर लिहिलं का? आणि आया म्हणत असेल, नाही बाई, राक्षस तेव्हा झोपला होता.

१९८४. ओकहर्स्ट, कॅलिफोर्निया, योसेमिटीच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव. आजूबाजूला पाइनची झाडं. केन आणि रोबर्टा विल्यम्स या नवराबायकोची कंपनी. रोबर्टाबाईंनी १९८० मध्ये 'मिस्टरी हाउस' केला तेव्हा शब्दांच्या खेळात पहिल्यांदा चित्रं आली. आता 'किंग्ज क्वेस्ट' आहे. त्यात घेवड्याचा वेल आहे, खाऊच्या घरातली चेटकीण आहे आणि नाव ओळखायला लावणारा बुटका आहे. ग्रिमच्या गोष्टीत त्याचं नाव रुम्पेलस्टिल्टस्किन. खेळणारा ते टाइप करतो, चूक. उलटं टाइप करतो, तरी चूक. बाईंनी मुळाक्षरंच उलटी धरली आहेत : ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय. लोक चिडले, आणि बरोबर चिडले. १९९० च्या नव्या आवृत्तीत साधं उलटं नाव चालू लागलं. उलटं करण्याचाही एक अंदाज असावा लागतो. आजीला तो होता.

सकाळ. जिन्यावर चपला. आज तू स्वतः कापड काढून घडी घातलीस.

पडद्यावरच्या मुलीच्या हातात एक वस्तू आहे. ती कुणाची हे काल मामानं सांगितलंय. तू मुद्दाम दुसरीकडं जातेस.

"तिकडं नाई, पोरी. थे त्याचं नाई."

"माहीत हाय."

तू देऊन पाहतेस. तो घेत नाही. पुन्हा देतेस. तो पुन्हा तेच उत्तर देतो, त्याच शब्दांत, आणि आता ते शब्द तुला दिसायला ओळखीचे झाले आहेत. तू तिसऱ्या माणसाकडं जातेस, मग चौथ्याकडं. कुणीच विचारत नाही की मंग आता वाघ काय करते. खेळ चांगला आहे. रंग गोड आहेत, मुलांच्या हातून काही बिघडू नये याची लोरी कोल यांनी काळजी घेतली आहे. या खेळात कुणी मरत नाही, कुणी हरत नाही. पण विस्कटलेलं लावायची वाट एकच आहे आणि ती कुणीतरी आधीच चालून ठेवली आहे. तू उंदीर सोडून देतेस. मामाला वाटतं, कंटाळली.

तेवढ्यात गारवा थांबतो. पंखा फिरत फिरत मंदावतो. पडद्यावरचे रंग एका ठिपक्यात गोळा होतात आणि ठिपकाही जातो.

"गेली," मामा म्हणतो. खिडकी उघडतो. खालून रसाच्या गाडीची घुंगरं ऐकू येतात. "चाल, आता दुपारपर्यंत काई येत नाई."

"मामा, पुढची मी सांगू?"

"सांग."

"गाढव, कुत्रं, मांजर आन् कोंबडा चालले होते. तं रस्त्यात त्याइले कोहळं दिसलं."

मामा फ्लॉपी काढून पाकिटात घालतो आहे. हात थांबतो.

"कोहळं नाई वं. चोराचं घर दिसते त्याइले."

"असं व्हय?" तू म्हणतेस. "मंग कोहळ्यात कोण बसली होती?"